देवळाच्या पटांगणात 'निबेलुंगेन': शंभर वर्षांपूर्वीचा जर्मन मूकपट दोन रात्रींत कसा दाखवावा

'निबेलुंगेन' म्हणजे अजगर मारणाऱ्या झीगफ्रीड या वीराची जुनी जर्मन कथा. ती पडद्यावर अनेकदा आली. पश्चिम जर्मनीत हाराल्ड राइनलने १९६६-६७ मध्ये ती दोन भागांत रंगीत केली. त्यात झीगफ्रीड झाला होता ऑलिंपिक पदक मिळवलेला हातोडाफेकपटू उवे बायर. २००४ मध्ये ती टीव्हीसाठी पुन्हा बनली. पण गावात दोन-तीनशे माणसांसमोर दाखवायची असेल तर फ्रिट्स लांगचा १९२४ चा मूकपटच घ्यावा. त्याला लागणारा आवाज आपण द्यायचा असतो आणि तो देणारी माणसं कोकणात अजून आहेत. पेटी, पखवाज आणि झांजेवर रात्र जागवणारे दशावतारातले वादक आहेत. कुडाळजवळ पिंगुळीत चित्रांची पोथी समोर धरून, एकेक पान उलटत कथा सांगणारे चित्रकथी आहेत. हा चित्रपट नेमका तसाच सांगावा लागतो.

आधी प्रत बघून घ्या. चित्रपटाचे दोन भाग आहेत: 'झीगफ्रीड' आणि 'क्रिमहिल्डचा सूड'. दोन्हींत सात-सात सर्ग. जुने चित्रपट जपणाऱ्या, जर्मनीतल्या मुर्नाऊ प्रतिष्ठानने २०१० मध्ये पूर्ण केलेल्या दुरुस्त आवृत्तीत पहिला भाग सुमारे अडीच तासांचा आणि दुसरा सुमारे दोन तास दहा मिनिटांचा आहे. हातात आलेल्या प्रतीचा पहिला भाग दीड तासातच संपत असेल तर ती कापलेली तरी असते किंवा चुकीच्या वेगाने धावणारी तरी. वेग चुकला की राजे तुरुतुरु चालतात, लोक हसतात आणि ती रात्र पुन्हा सावरत नाही. १९३३ मध्ये पहिल्या भागाची काटछाट करून, वर वाग्नर या जर्मन संगीतकाराचं संगीत चढवून एक बोलकी आवृत्ती काढली होती, तीही टाळा. चांगल्या प्रतीची चित्रं नारिंगी छटेची दिसतात. मूळ प्रतींनाही तसाच रंग दिलेला होता, त्यामुळे प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो 'दुरुस्त' करायचा नाही.

भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे १९२४ चा मूळ चित्रपट मोकळा झाला. नव्याने दुरुस्त केलेली प्रत आणि गॉटफ्रीड हुपर्ट्सच्या मूळ संगीताचं नवं ध्वनिमुद्रण या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत ज्यांच्याकडून घेता त्यांची लेखी परवानगी मागून ठेवा. सार्वजनिक खेळाला १९५२ च्या कायद्याप्रमाणे प्रमाणपत्राचा प्रश्न येतो, तो महिनाभर आधी विचारून घ्या. देवस्थान कमिटी, ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणं यांनाही त्याच वेळी कळवा.

तारीख ठरवताना पंचांग उघडावं लागतं. दिवस डिसेंबर-जानेवारीचे, पण गावच्या आणि शेजारच्या गावांच्या जत्रा सोडून. जत्रेच्या रात्री वादक मिळणार नाहीत आणि प्रेक्षकही. पक्ष वद्य हवा, पंचमीच्या पुढचा, म्हणजे खेळ संपेपर्यंत चंद्र वर येत नाही. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम सगळं वेळापत्रक ठरवतो. डिसेंबरअखेरीला मालवण-वेंगुर्ल्याकडे सूर्य ६.१० च्या आसपास बुडतो आणि ६.४० ला पुरेसा काळोख होतो. ६.४५ ला दहा मिनिटांची प्रस्तावना, ६.५५ ला चित्रपट, चौथ्या सर्गानंतर दहा मिनिटं विश्रांती, ९.३५ ला शेवट. हाती उरतात पंचवीस मिनिटं. सत्कार आणि नारळ त्यात बसत नाहीत, ते दुसऱ्या रात्री ठेवा. त्या दिवशी वीस मिनिटं जास्त असतात.

पडदा आणि उजेड

चित्राचं माप चारास तीन आहे. इथे शाळेतला जुना प्रोजेक्टर नव्यापेक्षा कामाचा ठरतो, कारण १०२४ बाय ७६८ चा प्रोजेक्टर मुळातच चारास तीनचा असतो आणि त्याचा सगळा उजेड चित्रावरच पडतो. रुंद पडद्याचा असेल तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या. चित्र ताणून भरलं तर चित्रपटातला धिप्पाड सरदार हागेन बुटका दिसतो आणि लांगने मोजूनमापून उभ्या केलेल्या कमानी व पायऱ्या फताड्या होतात. १२ फूट बाय ९ फुटांच्या चित्राला ३५०० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो. २५०० चा असेल तर चित्र ८ फूट रुंद करा. मोठं आणि मळकट चित्र काही उपयोगाचं नाही.

समोर गिलावा केलेली, चुन्याने पांढरी केलेली चिऱ्याची भिंत असेल तर पडदा बांधूच नका. भिंत वाऱ्याने हलत नाही. नसेल तर पांढरं मांजरपाट दुहेरी शिवून घ्या आणि मागे काळं कापड लावा, नाहीतर उजेड आरपार जातो आणि चित्र फिकं पडतं. कडेने दर फुटावर काज करून सुतळीने चौकटीला आवळायचं, खालच्या नेफ्यात बांबू घालायचा. एवढं ताठ बांधलेलं कापड म्हणजे गलबताचं शीडच. संध्याकाळचा खारा वारा पडेपर्यंत ते खांब ओढत राहतं, म्हणून प्रत्येक खांबाला पुढे आणि मागे असे दोन ताण हवेतच. पोफळीचे खांब सरळ आणि हलके असतात, पण दीड फूट तरी जमिनीत गेले पाहिजेत.

पडद्याची खालची कड जमिनीपासून ४ फुटांवर ठेवा, कारण लोक खाली बसणार. बहुतेक साध्या प्रोजेक्टरचं चित्र लेन्सच्या पातळीपासून वर चढतं. तेव्हा लेन्सही ४ फुटांवर आणि यंत्र अगदी सपाट. खाली ठेवून वर तिरकं केलं तर चौकोनाचा समलंब होतो आणि चित्रपटातल्या वोर्म्स शहरातल्या राजवाड्याचे खांब कलंडलेले दिसतात. अंतर पडद्याच्या रुंदीच्या दीड ते पावणेदोन पट, म्हणजे १८ ते २१ फूट. हे अंतर प्रेक्षकांच्या मधोमध येतं, म्हणून पुढे ४ फुटांची वाट दोरी लावून मोकळी सोडा. यंत्रावर छोटा मांडव हवाच. आठनंतर दव पडू लागतं आणि लेन्सवर धुकं धरलं तर चित्रातल्या कडा विरघळतात. लॅपटॉप प्रोजेक्टरच्या शेजारीच ठेवा, कारण लांब साध्या केबलमधून चित्र मधेच जातं. दोघांना मिळून १ केव्हीएचा यूपीएस द्या. दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज अचानक गेली की पंखाही थांबतो, आणि तापलेला दिवा थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. वीज पाच सेकंद जाते आणि प्रेक्षक पाच-सात मिनिटं काळोखात बसतात.

निवेदक

खेळ चालतो तो याच्यावर. मूकपटात संवादाच्या पाट्या येतात, जर्मन किंवा इंग्रजी. त्या सगळ्या वहीत उतरवा: पाटी कितव्या मिनिटाला, किती सेकंद, मजकूर काय. मराठी बोलताना सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. पाटी आठ सेकंद असेल तर पहिला सेकंद सोडून चौदा शब्दांच्या आत वाक्य बसवायचं. जास्त झालं तर निवेदक पुढच्या चित्रावर बोलतो आणि चेहरा वाया जातो. या चित्रपटात चेहरा फार मोठा आहे, क्रिमहिल्ड झालेल्या मार्गारेटे श्योनचा तर फारच. पडद्यावर दिसतंय ते सांगायचं नाही. 'आता तो घोड्यावर बसला' हे वाक्य वहीत आलंच तर खोडून टाका.

नावं परकी आहेत, नाती नाहीत. म्हणून नाव आलं की पहिले चार-पाच वेळा नातंही आलं पाहिजे: गुंथर राजा, त्याची बहीण क्रिमहिल्ड, मेहुणा झीगफ्रीड, बायको ब्रुनहिल्ड, आणि राजाचा एकनिष्ठ सरदार हागेन. दुसऱ्या रात्री एत्सेल येतो, तो हुणांचा राजा आत्तिला.

सगळ्यात जास्त मेहनत पाचव्या सर्गावर घ्या. चर्चच्या पायऱ्यांवर आधी कोणी चढायचं यावरून नणंद-भावजयीत ठिणगी पडते, आणि पुढचे सगळे मृत्यू तिथून निघतात. देवळात पहिला मान कोणाचा यावरून वर्षानुवर्षं न बोलणारी घराणी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. निवेदकाने तिथे आवाज चढवू नये. 'थांब. आधी पाऊल माझं. तू मांडलिकाची बायको.' असे तुकडे, मधे श्वास. मग क्रिमहिल्ड हातातली वाकी दाखवते, तेव्हा निवेदकाने पूर्ण गप्प राहायचं. त्या वाकीचा अर्थ मात्र लोकांना आधीच ठाऊक हवा, म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या सर्गात गाळू नये असं एकच आहे: ब्रुनहिल्डला भाला, दगड आणि उडी या तीन पणांत जिंकलं ते गुंथरने नव्हे, अदृश्य होऊन त्याच्या मागे उभ्या असलेल्या झीगफ्रीडने, आणि लग्नानंतरही तीच फसवणूक झाली, त्यातच ब्रुनहिल्डची ही वाकी झीगफ्रीडच्या हाती आली.

लिंडेन झाडाच्या पानासाठी प्रस्तावनेत दुर्योधनाची मांडी आठवून द्या, दोन वाक्यांत. अजगराच्या रक्ताने न्हालेल्या झीगफ्रीडच्या अंगावर पान जिथे चिकटलं तेवढीच जागा कच्ची राहिली. ती जागा राखली जावी म्हणून क्रिमहिल्ड स्वतःच्या हाताने कपड्यावर खूण शिवते, आणि भाला तिथेच लागतो. प्रस्तावनेत आणखी एक सांगण्यासारखं आहे: पटकथा लिहिणाऱ्या थेआ फॉन हार्बौने पुढे आयी तेंडुलकर या मराठी पत्रकाराशी लग्न केलं, आणि तेंडुलकर हे आडनाव कुडाळ तालुक्यातल्या तेंडोलीचं. कुडाळ-वेंगुर्ल्यात एवढ्यावर माणसं सावरून बसतात.

हेही सांगायला हवं की चित्रपट पहिलं महायुद्ध हरलेल्या देशाने स्वतःसाठी केला होता. सुरुवातीलाच तो जर्मन जनतेला अर्पण केल्याची पाटी येते. बुटका आल्बेरिश आणि हूण ज्या कुरूपपणे रंगवले आहेत त्यात त्या काळचा वंशद्वेष आहे. निवेदकाने त्या पात्रांना चिरका किंवा रानटी आवाज देऊ नये, साध्या आवाजात बोलावं.

वादक

पेटी, पखवाज, झांज, एवढं पुरे. तालमी किमान तीन: पहिली हुपर्ट्सचं संगीत ऐकत, दुसरी आवाज बंद करून, तिसरी निवेदकासह. प्रत्येक मुख्य पात्राला चार-पाच स्वरांची एक ओळ ठरवा. क्रिमहिल्डची ओळ पहिल्या रात्री मध्य सप्तकात वाजवा. दुसऱ्या रात्री तीच मंद्रात, निम्म्या लयीत. लोकांना सप्तक कळत नसेल, पण बाई बदलली आहे हे कळतं. हागेनला सूर देऊ नका, नुसता पखवाजाचा डावा हात द्या. तलवार घडवताना झांज घणाच्या ठोक्यावर पडली पाहिजे, त्यासाठी वादकांना पडदा समोरून दिसायला हवा. त्यांना बाजूला, पहिल्या रांगेच्या थोडं पुढे बसवा. पखवाजाला माईक नको, नाहीतर निवेदक बुडतो. खाऱ्या दमट हवेत पखवाज उतरतो, म्हणून विश्रांतीत तो पुन्हा लावायला वेळ ठेवा आणि डाव्या बाजूची कणीक ओल्या फडक्यात झाकून आणा.

नेहमीची चूक म्हणजे सतत वाजवणं. अजगर आला की पखवाज सुटू द्या. आतून माणसांनी चालवलेलं ते धूड दशावतारातल्या ट्रिकसीनवर प्रेम करणाऱ्या प्रेक्षकाला लगेच आपलं वाटतं. पण फुललेल्या झाडाची कवटी होते तिथे, आणि क्रिमहिल्ड मृतदेहाजवळ बसते तिथे, काहीही वाजवायचं नाही. समुद्राची गाज ऐकू येत असेल तर येऊ द्या.

दुसरा भाग जड आहे. मेजवानीत लहान मूल मारलं जातं, आणि त्यानंतर शेवटपर्यंत जळता वाडा आणि कत्तल. लहान मुलांना आणू नका, असं पहिल्या रात्रीच जाहीर करा. वादकांनी इथे जोर राखून ठेवायचा. आग लागण्याआधीच टिपेला पोचलेली मंडळी शेवटी नुसती बडवत राहतात.

शेवटची पाटी गेल्यावर दिवे लगेच लावू नका, मिनिटभर थांबा. प्रोजेक्टर बटणाने बंद करा आणि पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका. दवाने ओला झालेला पडदा रात्री घडी घालून ठेवला तर त्यावर काळी बुरशी धरते आणि ती धुऊन जात नाही. रात्रभर सभामंडपात पसरून ठेवा आणि सकाळी उन्हात वाळल्यावर गुंडाळा.