कमी पैशातली व्हॅम्पायर फिल्म: रक्त, सुळे आणि रात्र

कमी पैशातल्या व्हॅम्पायर फिल्मला प्रेक्षक हसतो तो तीन ठिकाणी: गुलाबी रक्त, तोंडात न मावणारे सुळे आणि खरखरीत काळोख. तिन्ही गोष्टी थोडक्या खर्चात सुधारतात.

रक्तासाठी बेकरीचं सामान ठेवणाऱ्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आणा. पाव किलोचा डबा गरम पाण्यात ठेवून सैल करा. त्यात 4-5 चमचे पाणी आणि चमचाभर खाण्याचा लाल रंग घाला. एवढ्यावर थांबलात तर एलईडीच्या उजेडात ते सरबत दिसेल. म्हणून चमचाभर कोको पावडर कोमट पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि घाला, म्हणजे रक्त आरपार दिसत नाही. शेवटी टूथपिकच्या टोकाने निळा रंग. तो जास्त पडला की रक्त जांभळं होतं आणि मग सुधारत नाही. ज्या दिव्याखाली शूटिंग आहे, त्याच दिव्याखाली कॅमेऱ्यातून तपासा.

गुऱ्हाळावरची काकवी ताज्या रक्ताला चालत नाही, तपकिरी दिसते. वाळलेल्या रक्ताला मात्र तिच्यासारखं दुसरं काही नाही. मुंग्या-माश्या येणारच, तेव्हा टेक झाला की लगेच पुसा. कपड्यांवर टाकायच्या रक्तात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घातले तर डाग लवकर निघतो, पण ती बाटली वेगळी ठेवा. तोंडात जाणाऱ्या रक्तात साबण कधीच नको. डाग तरीही राहू शकतो, म्हणून एकसारखे 3 शर्ट हाताशी असू द्या.

तयार प्लास्टिकची कवळी घेऊ नका. गरम पाण्यात मऊ होणाऱ्या थर्मोप्लास्टिकच्या मण्यांचे सुळे करा. गोळा जरा निवला की दातावर दाबा आणि पुरता घट्ट व्हायच्या आत काढा, नाहीतर अडकतो. शेजारच्या दातांपेक्षा 3-4 मिलिमीटरच लांब ठेवा. त्यापुढे ओठ मिटत नाहीत आणि ‘स’, ‘फ’ बोबडे येतात. दाताला कॅप किंवा तार असेल, दात हलत असेल, तर हा प्रयोग नको. फेविक्विक तर अजिबात नको.

रात्र खऱ्या अंधारात घेऊ नका. सूर्य मावळल्यावर 20-25 मिनिटं आकाश निळं असतं, मोठे शॉट तेव्हाच उरका. नंतर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) चढवून चित्र खरखरीत करण्यापेक्षा पात्राच्या मागे एक दिवा लावा आणि फरशीवर पाणी मारा. ओली जमीन उजेड परत फेकते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे कॅमेऱ्यात सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकते. पावसाळ्यात पन्हाळ्यावर धुकं फुकट मिळतं, पण किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. परवानगी आधी काढा. ती जमली नाही तर पेठेतला जुना वाडा आणि उदाचा धूर पुरतो.

चावा पडद्यावर पूर्ण दाखवू नका. मान, आवळलेली मूठ, मग खाली पडणारा थेंब, एवढं बस्स. आवाज नंतर भरा: माइक वीतभर लांब ठेवून उसाचं कांडं दातांनी सोला आणि तेवढ्या वेळेपुरतं संगीत बंद ठेवा.