मेटल पेडल बसवताना या चुका टाळा: पॅडच्या मागे किती जागा उरते?

कार ॲक्सेसरीजच्या दुकानात मेटल पेडलचा, म्हणजे गाडीच्या पेडलांवर चढवायच्या धातूच्या पॅडचा, सेट समोरून दिसेल असाच मांडलेला असतो. ब्रश केलेले ॲल्युमिनियम, त्यावर काळ्या रबराचे ठिपके आणि खोक्याच्या कोपऱ्यात स्क्रू-नटांची एक छोटी पुडी. गिऱ्हाईक पॅड हातात घेऊन पाहते, पुडी मात्र कुणी उघडत नाही. पुढे जो त्रास होतो त्यातला बराचसा त्या पुडीतूनच निघतो, कारण पॅड पायाखाली येते आणि नट, बोल्ट व क्लॅम्प पॅडच्या मागे जातात, जिथे सीटवर बसून डोळा पोहोचत नाही.

हा अनुभव मी स्वतःच्या जुन्या हॅचबॅकवर घेतला आहे. एका दुकानात वीस मिनिटांत सेट बसवून मिळाला, तिन्ही पॅड हलवून पाहिली, घट्ट होती, पैसे दिले आणि निघालो. दोनेक आठवड्यांनी रिव्हर्स टाकताना गिअर करकरू लागला. क्लच प्लेट गेली असणार असे मीच ठरवून मोकळा झालो होतो. गॅरेजमधल्या मेकॅनिकने मात्र गिअरबॉक्सला हात लावण्याआधी पायाखालची मॅट उचलली आणि बोट ठेवून दाखवले. क्लचच्या बरोबर मागे, पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत मॅट घासून पांढरी पडली होती. बोल्टचे नटाबाहेर आलेले टोक मॅटवर टेकत होते आणि क्लच पूर्ण दबण्याच्या आधीच थांबत होता. तेवढे टोक करवतीने कापल्यावर गिअर पूर्ववत पडू लागला.

बाजारात साधारण तीन प्रकारचे सेट मिळतात. पहिल्या प्रकारात मूळ रबर काढून त्याच्या जागी मागे रबराची खोबण असलेले धातूचे पॅड चढवतात; हे विशिष्ट मॉडेलसाठीच बनवलेले असते. दुसऱ्या प्रकारात मूळ रबर तसेच ठेवून त्यावर पॅड ठेवतात आणि मागून क्लॅम्पने आवळतात. ‘युनिव्हर्सल’ नावाने विकले जाणारे बहुतेक सेट असे असतात. तिसऱ्या प्रकारात पेडलला भोक पाडून पॅड बोल्टने कसतात. माझे मत विचाराल तर पहिला प्रकार मिळत असेल तरच हौस करावी. दुसरा नीट तपासून घ्यावा. तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

मापे न घेता सेट घेणे

रबर पेडलच्या पत्र्यापेक्षा थोडे मोठे असते, त्यामुळे रबरावरून माप घेतले की हमखास फसगत होते. ब्रेक आणि क्लचचे रबर एका कोपऱ्यातून सोलून काढावे, आतल्या पत्र्याची लांबी, रुंदी व जाडी मोजावी आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन पेडलांमधले मोकळे अंतर मोजावे. पायाने चालणाऱ्या नियंत्रणांच्या मांडणीसाठी संयुक्त राष्ट्रांची ३५ क्रमांकाची नियमावली आहे. तीत ॲक्सिलरेटर आणि ब्रेक यांच्यामध्ये किमान ५० मिलिमीटर अंतर सांगितले आहे. ब्रेकचे नवे पॅड एका बाजूने १० मिलिमीटर बाहेर आले आणि ॲक्सिलरेटरचेही तेवढेच आले, तर ५० चे ३० उरतात. पावसाळी बूट घातलेला पाय ब्रेक दाबताना ॲक्सिलरेटरच्या कडेवर चढायला एवढे पुरते. क्लच-ब्रेकच्या बाबतीतही तेच.

पेडलची उंचीही बदलते. ब्रेकचे पॅड ॲक्सिलरेटरच्या पातळीपेक्षा जरा वर असते, ते मुद्दामच तसे ठेवलेले असते. मूळ रबरावरच धातूचे पॅड चढवले की ब्रेक आणखी वर येतो. मग टाच जमिनीवर टेकवून पाय नुसता वळवण्याची सवय असलेल्या चालकाचा पंजा ब्रेकच्या कडेला अडतो. हे गाडी उभी असताना लक्षात येत नाही, गर्दीत अचानक पाय हलवावा लागतो तेव्हा येते.

ऑटोमॅटिक आणि एएमटी (क्लच व गिअर यंत्रणाच आपोआप हाताळते अशा) गाड्यांना क्लचचे पेडल नसते. त्यांतल्या अनेकांचा ब्रेक रुंद असतो, त्यामुळे तीन पेडलांच्या सेटमधले अरुंद पॅड त्यावर एका बाजूला सरकून बसते. ऑनलाइन मागवलेल्या सेटमध्ये डाव्या पायाच्या विश्रांतीची पट्टी, म्हणजे डेड पेडल, असेल तर आणखी एक अडचण. परदेशातल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत तो पाय बाहेरच्या बाजूला, चाकाच्या कमानीजवळ असतो. आपल्याकडे तो मधल्या कन्सोलला लागून असतो. जागेचा आकारच वेगळा असल्याने ती पट्टी बसत नाही, आणि ओढूनताणून बसवली तर क्लचच्या वाटेत येते.

ड्रिल मशीन हाती घेणे

आजच्या बहुतेक गाड्यांचा ॲक्सिलरेटर प्लास्टिकचा असून त्याच्या मागे उभ्या-आडव्या पातळ फासळ्यांची जाळी असते. ड्रिल फासळीत गेले की तडा जातो, आणि तो त्याच दिवशी दिसेल असे नाही. शिवाय पेडल आणि त्याचा सेन्सर एकत्र जोडलेला असल्याने तुटल्यावर पूर्ण असेंब्ली बदलावी लागते. ब्रेकच्या लोखंडी पत्र्याला भोक पाडता येते म्हणून पाडावे, असेही नाही. आपत्कालीन ब्रेक लावताना माणूस सगळा भार त्याच पत्र्यावर टाकतो, आणि उघडे पडलेले भोक गंजते. एकदा पाडलेले भोक पुन्हा बुजत नाही, एवढे कारणही मला पुरेसे वाटते.

मागची जागा न तपासणे

दुकानात पेडल हाताने एकदा दाबून ‘बसले’ असे म्हणतात. ही तपासणी अपुरी आहे. इंजिन बंद असताना दोन-तीनदा ब्रेक दाबला की बूस्टरमधली, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणाऱ्या भागातली, निर्वात पोकळी संपते आणि पेडल कडक होते. इंजिन चालू केल्यावर तेच पेडल आणखी खाली जाते. म्हणून ब्रेकची मागची जागा, हँडब्रेक ओढून आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, इंजिन चालू असतानाच पाहावी.

माझी पद्धत घरगुती आहे. कणकेचा लिंबाएवढा गोळा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पेडलच्या मागे, मॅटवर ठेवायचा, पेडल पूर्ण दाबायचे आणि गोळा बाहेर काढून सुरीने मधोमध कापायचा. कणीक जिथे सर्वांत पातळ झाली तिथली जाडी म्हणजे उरलेली जागा. क्लचसाठी आणि ॲक्सिलरेटरसाठीही असेच करावे, ॲक्सिलरेटरच्या वेळी मात्र इंजिन बंद ठेवून. नव्या पॅडच्या आधी एकदा आणि नंतर एकदा मोजले, की बोल्टांनी किती जागा खाल्ली ते कळते.

ब्रेकच्या मागे भरपूर जागा दिसली तरी ती रिकामी आहे असे समजू नये. कारमधले ब्रेक दोन स्वतंत्र हायड्रॉलिक सर्किटांवर चालतात. एकातले तेल गळाले तर दुसऱ्यावर गाडी थांबते, पण तेव्हा पेडल नेहमीपेक्षा पुष्कळ खाली, जवळजवळ तळापर्यंत जाते. रोजच्या वापरात ब्रेक तिथवर कधीच पोहोचत नाही, त्यामुळे मागे लोंबणारा बोल्ट वर्षानुवर्षे कुणाला खटकत नाही. घाटात एक सर्किट गेल्यावर मात्र उरलेला ब्रेक नेमका त्या बोल्टावर अडकू शकतो.

याच कारणाने मॅटचा विचार पेडलसोबतच करावा लागतो. आपल्याकडे मेटल पेडल आणि जाड सेव्हन-डी मॅट एकाच दिवशी, एकाच दुकानात बसवण्याची पद्धत आहे. एकाने वरून जागा कमी होते, दुसऱ्याने खालून. ॲक्सिलरेटरचे नवे पॅड मूळ पेडलच्या खालच्या टोकाच्या पुढे आले असेल, तर ते मॅटच्या कडेखाली अडकण्याची शक्यता असते. असे अडकणे काय करू शकते याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ टोयोटाच्याच लेक्सस ब्रँडच्या एका गाडीचा ॲक्सिलरेटर दुसऱ्या मॉडेलच्या रबरी मॅटमध्ये अडकला आणि गाडीतले चौघे मृत्युमुखी पडले. त्यानंतर टोयोटाने मॅटच्या कारणावरून सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केला. उपायांपैकी एक म्हणजे ॲक्सिलरेटरचे खालचे टोक कापून आखूड करणे. कारखान्याने जे टोक कापले, ते आपण पैसे देऊन वाढवू नये.

पकडीबाबतच्या चुका

नुसत्या दुहेरी टेपवर पॅड चिकटवणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट पद्धत आहे. मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या उन्हात उभ्या गाडीत टेपचा गोंद मऊ पडतो, आणि पॅड सरकते ते नेमके जोर लावल्यावर. क्लॅम्पचे स्क्रू आवळताना नायलॉक नट वापरावेत किंवा निळा, म्हणजे पुन्हा उघडता येणारा, थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) एक थेंब लावावा. काढलेला नायलॉक नट परत वापरू नये, त्याच्या आतले नायलॉनचे कडे सैल झालेले असते. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर सगळे पुन्हा एकदा कसावे, कारण खालचे रबर दबून सैलपणा आलेला असतो.

कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत स्टीलचा स्क्रू आणि ॲल्युमिनियमचे पॅड यांच्या सांध्यात पांढरी भुकटी धरू लागते. ती दिसली की स्क्रू काढून साफ करावेत, नाहीतर पुढच्या वेळी ते निघतच नाहीत. पावसाळ्यात ओल्या चपलेखाली गुळगुळीत धातू साबणासारखा वागतो. पकड देतात ते पॅडमधले रबराचे ठिपके. दोन-तीन ठिपके पडले की ते पॅड वापरातून काढावे. पेडलवर डॅशबोर्ड चमकवण्याचा सिलिकॉन स्प्रे मारणारे महाभागही मी पाहिले आहेत. पायाखालच्या कोणत्याही भागावर तो मारू नये.

लक्षणांवरून दोष ओळखणे

रिव्हर्स किंवा पहिला गिअर करकरत असेल तर गिअरबॉक्स उघडण्याआधी मॅट काढून पाहावी. मॅटशिवाय गिअर नीट पडला तर दोष पेडलच्या मागे आहे. खडबडीत रस्त्यावर पायाखाली टकटक वाजत असेल तर क्लॅम्प सैल आहे. पॅडचे चारही कोपरे हाताने पिळून पाहावेत, आणि जरासे जरी फिरले तरी ते पॅड काढून ठेवूनच गाडी चालवावी.

गाडी ओढत नाही, ओव्हरटेकला जोर कमी पडतो, अशी तक्रार असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दबत नसेल. स्वस्त ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारे छोटे उपकरण) जोडून, इग्निशन चालू आणि इंजिन बंद ठेवून, पेडल पूर्ण दाबल्यावर पेडलच्या स्थितीचा आकडा किती टक्के दिसतो ते पाहावे. अनेक गाड्यांत तो मुळातच १०० पर्यंत जात नाही, म्हणून पॅड बसवण्याआधीचा आकडा टिपून ठेवलेला असावा आणि त्याच्याशीच तुलना करावी. ब्रेकचे दिवे सतत पेटलेले राहत असतील तर रबर काढताना पेडल वर ओढले गेले असेल आणि वरच्या बाजूचा स्विच जागचा हलला असेल. काम झाल्यावर घरातल्या कुणाला तरी गाडीच्या मागे उभे करून दिवे पेटतात आणि विझतात हे पाहून घ्यावे.

आणि चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर अडकलाच, तर खाली वाकून तो सोडवण्याच्या फंदात पडू नये. क्लच दाबून किंवा गिअर लिव्हर हलवून गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी, ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरावा, बाजूला थांबावे आणि मगच इंजिन बंद करावे. ब्रेक पंप केला तर बूस्टरची मदत संपते. किल्ली घाईने फिरवून बाहेर काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

मूळ रबरे दुकानातच टाकून येऊ नयेत. पहिल्या प्रकारचा सेट वाटेत निघाला तर खाली उघडा, गुळगुळीत पत्रा उरतो आणि त्यावर पाय ठरत नाही. सर्व्हिस सेंटरला वॉरंटीवरून वाद झाला तरी तीच रबरे परत लागतात. माझी दोन्ही रबरे आणि दहा नंबरचा एक पाना डिकीत, स्टेपनीच्या खोलगट भागात एका पिशवीत असतात. त्याच पिशवीत क्लचच्या बोल्टचा कापलेला तुकडाही आहे, जेमतेम ८ मिलिमीटरचा.