परसातला गादीवाफा आणि ताटातली फुले

कोल्हापुरात घरची परसबाग फसते ती बहुधा पाण्याअभावी नव्हे, तर पाणी साचल्यामुळे. आपली काळी माती सुपीक असली तरी ती पाणी धरून ठेवते, आणि सलग पडणाऱ्या पावसात तिच्यातील हवेच्या जागा पाण्याने भरल्या की मुळे गुदमरून कुजू लागतात. पहिल्या वर्षी मी मृगाचा पाऊस पडताच सपाट जमिनीत मेथी फोकली होती. ती उगवली चांगली, पण आठवडाभराच्या झडीत सगळी पिवळी पडून बसली. तेव्हापासून गादीवाफ्याशिवाय, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेल्या मातीच्या वाफ्याशिवाय, मी पालेभाजी केलेली नाही.

वाफा तीन फूट रुंद ठेवावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि मातीवर पाय द्यावा लागत नाही. उंची किमान आठ-नऊ इंच असावी. दोन भाग मातीत एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग भाताची तुसे किंवा जाड वाळू मिसळल्यास निचरा सुधारतो. ताजे शेण मात्र घालू नये, कारण त्यातून हुमणीचा, म्हणजे मुळे खाणाऱ्या अळीचा, उपद्रव वाढतो. रोपे वीतभर झाली की त्यांच्याभोवती उसाचे पाचट तुकडे करून अंथरावे. आपल्या भागात ते सहज मिळते, आणि उन्हाळ्यात ओल टिकवण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे आच्छादन मला दुसरे आढळलेले नाही.

मेथी आणि कोथिंबिरीची खरी वेळ पाऊस ओसरल्यावर येते. धने अखंड पेरू नयेत. एका धन्यात दोन बिया असतात, म्हणून ते हलक्या हाताने रगडून दोन भाग करावेत आणि रात्रभर पाण्यात भिजवून पेरावेत. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तेवढा धीर धरावा. मेथी महिन्याभरात खुडायला येते. दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरणी केल्यास सगळी भाजी एकदम तयार होऊन वाया जात नाही.

पुदिना बाजारातल्या जुडीतील जाड काडीपासून होतो, पण तो कुंडीतच लावावा, नाहीतर वाफाभर पसरतो. गवती चहाला ऊन आणि मोकळी जागा पुरते.

खाण्याच्या फुलांकडे मात्र आपण हल्ली फारच दुर्लक्ष करतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. हादग्याची गाणी म्हणणाऱ्या आपल्या गावात हादग्याचे झाड दारात असायलाच हवे. ते झपाट्याने उंच जाते आणि त्याचे लाकूड ठिसूळ असते, म्हणून पुरुषभर वाढल्यावर शेंडा खुडावा. त्यामुळे फांद्या फुटतात आणि फुले हाताला येतात. भाजी करताना फुलातील मधले केसर काढून टाकावेत, कारण कडूपणा मुख्यतः त्यांत असतो. लाल भोपळ्याच्या वेलावर आधी नरफुले येतात. त्यांचा देठ लांब आणि बारीक असतो, तर मादीफुलाखाली इवलासा भोपळा दिसतो. भजीसाठी नरफुलेच तोडावीत आणि परागीकरणासाठी काही वेलावर राहू द्यावीत. मधमाश्या कमी असतील तर सकाळी लवकर, फूल मिटण्यापूर्वी, नरफुलाचे पराग मादीफुलावर हाताने लावावेत.

किडीसाठी पन्नास ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवाराव्यात. जी फुले खायची आहेत त्यांच्यावर फवारा मारू नये. हारासाठी विकत आणलेली फुले कधीही खाऊ नयेत, कारण त्यांच्यावर काय फवारले आहे हे आपल्याला कळत नाही. कण्हेर आणि धोतरा यांची फुले विषारी आहेत, म्हणून घरात लहान मुले असतील तर ही झाडे भाजीच्या वाफ्यापासून दूरच ठेवावीत.