सिबिल दुरुस्त करायला निघालात? या चुका टाळा

कर्ज नामंजूर झालं की लोक सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या, रिपोर्टातल्या दिसेल त्या वाईट नोंदीवर डिस्प्यूट (हरकत) टाकत सुटतात. पण सिबिल स्वतःहून एक अक्षरही बदलत नाही. तक्रार बँकेकडे जाते आणि बँकेने ‘माहिती बरोबर आहे’ म्हटलं की विषय संपतो. खरी नोंद डिस्प्यूटने पुसली जात नाही.

‘सेटल्ड’चं, म्हणजे कमी रकमेत मिटवलेल्या खात्याचं प्रकरण तर सारखं समोर येतं. क्रेडिट कार्डावर ४२,००० थकलेत. वसुलीवाला फोनवर सांगतो, “१८,००० भरा, फाइल बंद.” माणूस सुटलो म्हणून भरतो. पुढे गृहकर्ज काढायला जातो तर रिपोर्टात ‘सेटल्ड’. मग डिस्प्यूट, नकार, परत तोच डिस्प्यूट. बँकेने २४,००० सोडलेत, म्हणजे नोंद खरीच आहे. इथे बँकेलाच लेखी विचारा: उरलेली रक्कम भरली तर खातं ‘क्लोज्ड’ कळवाल का? होकार ईमेलवर आल्याशिवाय रुपयाही भरू नका. भरल्यावर नो ड्यूज सर्टिफिकेट (काही बाकी नसल्याचा दाखला) घ्या.

नोंद खरंच चुकीची असेल तर मोघम लिहू नका. ‘खातं चुकीचं आहे’ यातून कुणाला काय कळणार? ‘मार्च २०२४चा डीपीडी ०३० दिसतो, हप्ता ५ मार्चलाच खात्यातून गेला, स्टेटमेंट जोडलंय’ असं लिहा (डीपीडी म्हणजे हप्ता किती दिवस थकला तो आकडा). खाते क्रमांक आणि रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर द्या. डिस्प्यूट टाकाल त्याच दिवशी बँकेच्या तक्रार कक्षालाही ईमेल करा आणि दोन्हीकडचा तक्रार क्रमांक जपा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्याच लोकपालाकडे जाता येतं.

फक्त सिबिल बघून थांबू नका. अशाच नोंदी ठेवणाऱ्या एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या संस्थाही आहेत. चौघांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्वतः रिपोर्ट काढल्याने स्कोअर (तुमची पत दाखवणारा आकडा) घसरत नाही.

मित्राला जामीन राहिला असाल तर त्याची थकबाकी तुमच्या रिपोर्टात येणारच. तिथे डिस्प्यूट नको, मित्राला गाठा.

‘आठवड्यात स्कोअर ७५०’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे आणि ओटीपी देणं हा निव्वळ धोका आहे.

दुरुस्ती मंजूर झाली म्हणून लगेच नवा अर्ज टाकू नका. आधी नवा रिपोर्ट काढा, तोच रकाना बघा, मगच बँकेत जा.