गांबियाचा उठावनकाशा: चंद्रपूर जिल्ह्याएवढा देश एका फळीवर

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा गांबिया क्षेत्रफळाने आपल्या चंद्रपूर जिल्ह्याच्या आसपास, 11 हजार चौरस किलोमीटरच्या थोडा वर. आकार मात्र पट्टीसारखा: समुद्रापासून आत सव्वातीनशे किलोमीटर, रुंदी साधारण 25 ते 50. मधून गांबिया नदी, तीन बाजूंना सेनेगल. शालेय प्रदर्शनात उठावनकाशा, म्हणजे उंचसखलपणा हाताला लागेल असा नकाशा, करायला हा देश फार सोयीचा आहे, कारण नदी नीट जमली की देश जमला.

12 मिमी जाडीचा, 6 बाय 2 फुटांचा प्लायवूड घ्या. 1 सेंमीला 2 किमी धरलं तर देश 160 सेंमी लांब बसतो आणि पश्चिमेला समुद्रासाठी वीसेक सेंमी उरतात. प्लायच्या पाठीला ऑइलपेंट मारा आणि दोन लांब पट्ट्या ठोका. ओल्या लगद्याने एकच बाजू भिजली तर फळी वाकते.

काळी माती वापरू नका. वाळताना ती आकसते आणि उन्हाळ्यात वावराला पडतात तशाच भेगा नकाशाला पडतात. कागदाचा लगदा बरा. 1 किलो रद्दी दोन रात्री भिजवा, कुटा, घट्ट पिळा. कडुनिंबाचा पाला उकळलेल्या पाण्यात पाव किलो मैद्याची खळ शिजवून थंड झाल्यावर मिसळा. त्या कडूपणामुळे कीड कमी लागते. सोबत 100 ग्रॅम फेविकॉल. काम डिसेंबर-जानेवारीत काढा आणि सावलीत चार-पाच दिवस वाळू द्या. एप्रिलच्या उन्हात कडा उचलतात, पावसाळ्यात बुरशी धरते.

आता उंची. इथेच बहुतेक नकाशे चुकतात, कारण हात आपोआप डोंगर करायला लागतो. गांबियाचं सर्वांत उंच ठिकाण फक्त 53 मीटर आहे आणि तेही पूर्व टोकाकडे. आपल्या प्रमाणात ते पाव मिलिमीटर भरतं, म्हणजे दिसणारच नाही. म्हणून उंची 50 पट वाढवा: सगळीकडे 8 मिमीचा थर आणि पूर्वेला त्यावर जास्तीत जास्त 13 मिमी. ‘उंची 50 पट वाढवली आहे’ अशी पाटी लावायलाच हवी, नाहीतर पाहणारा खोटं शिकून जातो.

नदीची चर लगदा ओला असतानाच फळीपर्यंत कोरा. नदीच्या मुखाशी राजधानी बांजुल आणि समोरच्या काठावरचं बारा हे गाव यांच्यामध्ये पात्र सुमारे 5 किमी, म्हणजे अडीच सेंमी. पूर्वेकडे ते इतकं अरुंद होतं की प्रमाण सोडून 5 मिमी ठेवावं लागतं. समुद्राभोवती एमसीलचा 1 सेंमीचा बांध घाला आणि त्यात एक खाच ठेवा. लगदा पूर्ण वाळल्यावर चर आणि समुद्राला वॉर्निशचे दोन हात द्या. एका हातात भागत नाही, लगदा पाणी पितो.

या नकाशाची खरी गंमत पाण्यात आहे. देश सपाट असल्याने नोव्हेंबर ते मे या कोरड्या काळात नदीचा जोर ओसरतो आणि समुद्राचं खारं पाणी 200 किमीच्या आसपास आत शिरतं. जूनपासून पाऊस आला की गोडं पाणी त्याला मागे ढकलतं. हे दाखवायला फळी पाणसळीने सपाट करा आणि समुद्रात निळीचं पाणी ओता. ते चरीतून आत सरकेल. मग पूर्व टोकाला साधं पाणी बारीक धारेने सोडा. निळा रंग हळूहळू मागे हटतो, जास्तीचं पाणी खाचेतून खालच्या घमेल्यात पडतं. धार मोठी झाली तर दोन्ही पाणी मिसळतात आणि काहीच कळत नाही.

रंगही याच हिशोबाने. समुद्राकडच्या खाऱ्या पट्ट्यात काठाने हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा चिकटवा, ती खारफुटी. वरच्या, म्हणजे पूर्वेकडच्या गोड्या भागात काठाला भात. नदीपासून दूरच्या उंचवट्यावर गेरू फासा. तिथली माती जांभ्याची आणि रेताड, त्यात पावसावर भुईमूग होतो. मधूनमधून गोरखचिंचेची झाडं उभी करा. वरच्या भागातल्या बेटांवर चिंपांझी आहेत, पाण्यात पाणघोडे. त्यांच्या चिठ्ठ्या तुराटीच्या काड्यांना लावा. हिवाळ्यात सहाराकडून येणाऱ्या धुळकट हरमॅटन वाऱ्याचा बाण ईशान्येकडून काढा. तो समुद्राकडून काढलेला हमखास दिसतो, तेवढं तपासून घ्या.