इंटरनेटच्या धोरणात आपलं म्हणणं कसं मांडावं

आयईटीएफ ही संस्था १९८६ पासून इंटरनेटची तांत्रिक प्रमाणकं ठरवते आहे. तिथे सभासदत्व नसतं, आणि मतदानही नाही. बैठकीत कल पाहायचा तर अध्यक्ष आधी एका बाजूच्या लोकांना आणि मग दुसऱ्या बाजूच्या लोकांना तोंड मिटून 'हंऽऽ' करायला सांगतात. कोणता हुंकार मोठा, त्यावरून अंदाज घेतात. पण हुंकार मोठा म्हणजे विषय संपला, असं नाही. एकट्यानेच आक्षेप घेतला असला, तरी त्याचा नीट विचार झाला की नाही, हे पाहावं लागतं. सरकारं, कंपन्या, तंत्रज्ञ, अभ्यासक आणि सामान्य वापरकर्ते एकत्र बसून नियम ठरवतात, ती पद्धत साधारण अशी चालते. (याला 'बहुभागधारक' असा एक शब्द रूढ होतोय. मला तो वाचून शेअर बाजार आठवतो, म्हणून मी 'हितसंबंधी' म्हणतो.)

पहिलं काम, आपला प्रश्न नेमका कुठे ठरतो ते शोधणं. डोमेन नावांचं (म्हणजे संकेतस्थळांच्या पत्त्यातल्या नावांचं) धोरण १९९८ साली स्थापन झालेल्या आयकॅन या संस्थेत ठरतं. आयपी पत्त्यांचं (इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांना ओळखायच्या क्रमांकांचं) वाटप पाच प्रादेशिक नोंदणी संस्था करतात. खासगी माहितीचं संरक्षण किंवा मजकूर हटवण्याचे नियम बहुतेक वेळा आपापल्या देशाच्या कायद्यात असतात. संयुक्त राष्ट्रांचा आयजीएफ हा मंच २००६ मध्ये अथेन्सला सुरू झाला. तो फक्त चर्चेचा आहे, बंधनकारक निर्णय तिथे होत नाहीत. तिथे जाऊन नियम बदलून मागणं म्हणजे चुकीच्या खिडकीवर अर्ज देणं. ओळखी करून घ्यायला मात्र तो उत्तम.

मग थोडे दिवस नुसतं ऐका. आयकॅन आणि आयजीएफच्या बैठकांना घरबसल्या, विनाशुल्क हजर राहता येतं. संक्षिप्त नावांचा भडिमार होतो, त्याला घाबरू नका. आपल्या विषयापुरती आठ-दहा समजली की पुरे.

आता मुख्य गोष्ट: लिहिणं. धोरणाचा मसुदा जाहीर झाला की हरकती-सूचनांसाठी मुदत देतात. आयकॅनमध्ये ती साधारण ४० दिवसांची असते. बहुतेकांचा वेळ इथेच वाया जातो, कारण ते मत लिहितात, दुरुस्ती लिहीत नाहीत. समजा, मसुद्यात असं वाक्य आहे: 'खातं बंद केल्यास वापरकर्त्याच्या तक्रारीची वाजवी मुदतीत दखल घेतली जाईल.' यावर 'हे अन्यायकारक आहे' एवढंच लिहिलं, तर मसुदा करणाऱ्याने त्याचं करायचं काय? त्याऐवजी कलमाचा क्रमांक द्या आणि लिहा: '"वाजवी मुदतीत दखल घेतली जाईल" ऐवजी "१५ दिवसांत कारणांसह लेखी उत्तर दिलं जाईल" असं करावं.' खाली दोन-तीन ओळींत कारण द्या: मुदत ठरलेली नसेल तर उशीर झाला हे सिद्धच करता येत नाही, आणि कारण कळलं नाही तर अपील कशावर करायचं? तुमच्यावर किंवा ओळखीच्या कुणावर हा प्रसंग आला असेल, तर तोही सांगा, पण चार ओळींत. एक कलम, एक दुरुस्ती. पंचवीस मुद्द्यांचं पत्र वाचणाराही थकतो.

मोठ्या कंपन्यांकडे हेच काम करायला पगारी माणसं असतात, तुमच्याकडे रविवारची दुपार. दार सगळ्यांना उघडं असलं तरी आत सगळे सारख्या ताकदीने बसत नाहीत, हे मान्य करूनच उतरावं. म्हणून गट शोधा. आयकॅनमध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी 'ॲट-लार्ज' नावाची वेगळी रचनाच आहे. कामं वाटून घेता येतात, आणि जुनी मंडळी मसुदे वाचायला शिकवतात.

मुदत संपल्यावर आलेल्या सूचनांचा सारांश प्रसिद्ध होतो का, ते पाहा. आयकॅन तसा अहवाल काढते. त्यात आपली सूचना शोधा. ती चुकीच्या अर्थाने नोंदली असेल तर लगेच कळवा. नाकारली असेल तर दिलेलं कारण उतरवून ठेवा. पुढच्या मसुद्यावर लिहिताना सुरुवात त्या कारणाच्या उत्तरानेच करायची.