दाढीचा ब्रश स्वस्तात घेताना या चुका टाळा: मुठीवरचा डाग चालेल, सांध्यावरची चीर नको

दाढीचे ब्रश बनवणारे कारागीर आणि कंपन्या अधूनमधून ‘सेकंड्स’, म्हणजे किरकोळ दोष राहिलेला माल, विकायला काढतात. मुठीवर ओरखडा, मुठीच्या रेझिनमध्ये (प्लास्टिकसारख्या राळेत) अडकलेला बुडबुडा, तिरका उमटलेला छाप, ठरल्यापेक्षा फिकट रंग, एवढ्यावरून किंमत चांगलीच उतरते. दाढीला याने काडीचाही फरक पडत नाही, म्हणून असा ब्रश जरूर घ्यावा. पण ‘फक्त दिसण्यातला दोष’ या नावाखाली कधीकधी कामातला दोषही खपवला जातो, आणि गोव्याच्या दमट हवेत तो लवकर उघडा पडतो. मानकुराद आंबा घेताना सालीवरचा चिकाचा डाग आपण चालवून घेतो, पण देठाशी मऊ लागला की फळ परत ठेवतो. ब्रशचा देठ म्हणजे केसांचा झुबका मुठीत बसवतात ती जागा, तोच सांधा.

सांधा न बघता पैसे भरणे

सगळ्यांत महागात पडते ती हीच चूक. केस बुडाशी चिकटवून त्यांचा घट्ट गठ्ठा करतात आणि तो मुठीच्या खाचेत बहुधा इपॉक्सी या पक्क्या डिंकाने बसवतात. ही जागा रोज भिजते. कडेला फट राहिली असेल तर तिथून पाणी आत शिरतं, साबण साचतो, आणि आतला भाग पुरता सुकतच नाही. पावसाळ्यात पणजी काय, फोंडा काय, आपल्याकडे बाथरूममधला टॉवेलही दिवसभर ओलसर राहतो. तिथे ब्रशच्या पोटातली ओल कशी जाणार? बुरशी धरते, डिंक सुटतो आणि एक दिवस झुबका मुठीत डुगडुगू लागतो. लाकडी मूठ असेल तर आणखी जपायला हवं. लाकूड भिजून फुगतं, सुकताना आकसतं, आणि केसाएवढी चीर बघता बघता वाढते.

म्हणून विक्रेत्याकडे सांध्याचा जवळून, भरपूर उजेडात काढलेला फोटो मागाच. बाजूचा देखणा फोटो उपयोगाचा नाही. केस बोटाने बाजूला सारून, सगळीकडून कड दिसेल असे दोनतीन फोटो हवेत. फोटो द्यायला टाळाटाळ होत असेल तर तो ब्रश सोडून द्या.

ब्रश हातात आल्यावर मुठीवरून नख फिरवून बघा. वरवरच्या ओरखड्यावरून नख सरकून जातं, चिरेत अडकतं. रेझिनच्या आत खोलवर अडकलेला बुडबुडा निरुपद्रवी असतो. पृष्ठभागावर फुटून खड्डा पडला असेल तर त्यात साबण साचेल, पण जुन्या टूथब्रशने घासून तो निघतो, तेही चालेल. चीर सांध्यापासून सुरू होऊन खाली उतरत असेल, तर मात्र किंमत कितीही कमी असो, घेऊ नका.

केस कशाचे आहेत, हे न विचारणे

‘नैसर्गिक केस’ एवढ्यावर समाधान मानू नका. बोअर म्हणजे डुकराचे केस. पोर्तुगालचे सेमोग आणि इटलीचे ओमेगा यांची ख्याती मुख्यतः याच ब्रशांसाठी आहे. आपल्याकडच्या कित्येक घरांत ते चालत नाहीत, तेव्हा पार्सल आल्यावर वाद घालण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. बाकी पर्याय बॅजर (बिज्जूसारख्या प्राण्याचे केस), घोड्याचे केस आणि सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम धागे. माझं स्पष्ट मत असं, की गोव्यात राहणाऱ्याने पहिला सेकंड्स ब्रश सिंथेटिकच घ्यावा. तो भिजत घालावा लागत नाही आणि झटकला की लवकर सुकतो.

जुन्या बाजारात वापरलेले ब्रश मिळतात, त्यांची गोष्ट वेगळी. पहिल्या महायुद्धाच्या काळात, नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमुळे ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिकांना अँथ्रॅक्स हा जीवघेणा रोग झाल्याची नोंद आहे. जुनी मूठ आवडली तर खुशाल घ्या, पण झुबका काढून नवा बसवा.

माप न बघणे

झुबक्याचा व्यास साधारण 22 ते 26 मिलिमीटर असतो. केसांची मुठीबाहेरची उंची 50 मिलिमीटरच्या आसपास धरा. झुबका खोल बसला तर ब्रश ताठ लागतो, वर राहिला तर लेचापेचा. दोनतीन मिलिमीटरचा फरकही गालाला कळतो. झुबका किंचित कललेला असेल तर तो दोष फक्त डोळ्यांना खुपतो.

चांगला ब्रश बिघडलेला समजणे

नवा बोअर किंवा बॅजर ब्रश भिजला की जनावराचा वास मारतो. शॅम्पूने दोनचारदा धुवा, रोज साबणाचा फेस काढत राहा, वास जातो. सुरुवातीला थोडे केस गळणंही नेहमीचं आहे. दोनतीन आठवड्यांनंतरही रोज केस हातात येत असतील, किंवा एका जागचे पुंजकेच्या पुंजके निघत असतील, तर बुडाशी डिंक कमी पडलाय. हा दोष घरी दुरुस्त होत नाही.

फेस होत नाही ही तक्रारही बहुतेकदा घाईतून येते. बोअरचे केस दाढीआधी चारपाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवावे लागतात, आणि ते पाणी पिऊ लागेपर्यंत काही आठवडे जातात. तोवर टोकं दुभंगतात आणि ब्रश मऊ होतो. दुभंगलेली टोकं बघून ब्रश परत पाठवू नका. उकळतं पाणी मात्र कधीच वापरू नका, त्याने केस आणि डिंक दोन्ही खराब होतात.

वापरून झाल्यावर ब्रश धुऊन झटका, टॉवेलवर हलकेच पुसा आणि बाथरूममध्ये न ठेवता वारा लागेल अशा खिडकीत ठेवा. ओला ब्रश डबीत बंद करणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

‘परत घेणार नाही’ वाचून गप्प बसणे

सांगून विकलेल्या दोषाबद्दल तक्रार करता येत नाही, ते रास्तच आहे. पण ओरखडा सांगितला आणि निघाली सांध्यावरची चीर, तर गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. म्हणून विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, आणि ब्रश भिजवण्याआधीच सांधा तपासा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. परदेशातून मागवलेल्या ब्रशच्या बाबतीत मात्र परत पाठवण्याचा खर्चच सवलत खाऊन टाकतो, तिथे सगळी चौकशी पैसे भरण्याआधीच करा.